वाचकांचे प्रश्न : पोरगं सुधारतंय की खाट भरतेय?

व्यसनमुक्ती केंद्रं आणि ‘वर्तन सुधार’ निवासी केंद्रं यांबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या सल्लागार गटाची आहेत. त्यात मनोविकारतज्ज्ञ, वैद्यकीय समाजसेवक आणि वकील आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा साडेपंधरा वर्षांचा आहे. रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल, शाळेत जायचं बंद, मावा खातो, दोनदा गांजा ओढताना सापडला. कपाटातले पैसेही घेतले. एका निवासी केंद्राने सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय. महिना १८,०००, तीन महिन्यांचे आगाऊ, घरून घेऊन जायचे ७,००० वेगळे. पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही, फोन नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणतात. पाठवू का?
(एक आई, राजारामपुरी)

ताई, या अटींवर पाठवू नका.

मुलगा अठराच्या आतला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधलं कलम ८७ अशाच मुलांसाठी आहे. दाखल करण्याआधी दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दुसरा मनोविकारतज्ज्ञ, मानसिक आरोग्यातला प्रशिक्षित व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे आणि घरी राहून करायचे उपाय फसले आहेत किंवा या मुलाच्या बाबतीत उपयोगाचे नाहीत, असं दोघांचंही मत पडलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून तरी अजून एकाही डॉक्टरने त्याला पाहिलेलं दिसत नाही.

याच कलमात पुढे आहे की पालकाने, किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने, मुलगा दाखल असेपर्यंत पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहायचं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवी. मोठ्या रुग्णांच्या खोलीत मुलांना ठेवता येत नाही. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवावं लागतं. मुक्काम तीस दिवसांच्या पुढे गेला तर मंडळाने तो तपासायचा असतो. आणि पालकाने ‘आता नको’ म्हटलं की मुलाला सोडावंच लागतं.

मग पंचेचाळीस दिवस भेट नाही, ही अट कुठल्या उपचारातून आली? तिचा फायदा कुणाला होतो ते बघा. मूल सर्वांत जास्त रडतं, तक्रार करतं ते पहिल्या काही आठवड्यांत. मारहाण झाली असेल तर वळ याच काळात दिसतात. आईबापांचं मन वळतं तेही याच काळात. पंचेचाळीस दिवस उलटले की तुमच्या आगाऊ ५४,००० पैकी निम्मे संपलेले असतात. मग ‘इतकं केलंच आहे तर कोर्स पुरा करू’ असं पालक स्वतःच म्हणू लागतात.

गॅरंटीबद्दल एवढंच सांगतो की व्यसन पुन्हा पुन्हा उलटू शकतं. शंभर टक्के म्हणणारा माणूस उपचार करणारा नाही.

आता करायचं काय. कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत किंवा तुमच्या भरवशाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला घेऊन जा. सोबत मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं न्या, आणि दोन आठवड्यांची एक वही न्या. त्यात तो कधी झोपला, कधी उठला, काय खाल्लं, मावा किती पुड्या, गांजा कधी आणि कुणाबरोबर, हे लिहा. डॉक्टरांना सांगा की त्याच्याशी एकट्याशी बोला. शाळा अचानक सुटण्यामागे अभ्यासातली अक्षमता, एकाग्रतेचा विकार, नैराश्य, शाळेतली छळवणूक किंवा लैंगिक अत्याचार असू शकतो. यातलं काही असेल तर कोंडून ठेवल्याने ते आणखी आत दडतं.

घरात मोबाइल हिसकावून घेऊ नका. उठण्याची वेळ आधी पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा. सगळ्यांचेच फोन, तुमचाही, रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. मावा सोडताना पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होते, दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. तोंडात पांढरा चट्टा दिसतोय का, तोंड पूर्ण उघडतंय का, हे दंतवैद्याकडून तपासून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय सेवा आहे. पैसे कुलपात ठेवा आणि चोरीवरून रोज वाद घालू नका. आठवड्यातून एकदा सगळ्या कुटुंबाचं समुपदेशन असं दोन-अडीच महिने नेटाने चालवा, मगच फरक पडला की नाही ते ठरवा.

मरणाची भाषा, भास होणं, फिट, हत्यार उचलणं, खाणंपिणं बंद होणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे दाखल करणं योग्यच.

प्रश्न : महिना पंधरा हजारात राहणं, जेवण, औषध, समुपदेशन. मला तर हे स्वस्तच वाटतं. यात नफा तरी काय राहत असेल?
(एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

तुम्ही धंद्यातले आहात, तर हिशेबच मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

तीस खाटा, पंधरा हजारांप्रमाणे महिन्याला साडेचार लाख जमा. इमारतीचं भाडं ५०,०००. जेवण माणशी रोज शंभर रुपये, म्हणजे ९०,०००. वीज, पाणी, किरकोळ ३०,०००. राहिले २ लाख ८० हजार. आता माणसं. चोवीस तास एक नर्स हवी तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक जण ४८ तास काम करते, म्हणजे सुट्ट्या धरून चार नर्स लागतात. वीस हजारांप्रमाणे ८०,०००. पंधरा रुग्णांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक, असे दोन, ५०,०००. आठवड्यातून दोनदा येणारे मनोविकारतज्ज्ञ ४०,०००. पाच मदतनीस ७०,०००. झाले २ लाख ४० हजार. प्रामाणिकपणे चालवणाऱ्याच्या हातात चाळीस हजार उरतात.

आता यातून नर्स काढा, समुपदेशक काढा, मदतनीसही काढा. जुन्या रुग्णांपैकी चौघांना जेवण आणि पाच हजार देऊन ‘वॉर्डन’ करा. मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा सहीपुरते, दहा हजार. माणसांवरचा खर्च तीस हजारांवर आला आणि शिल्लक अडीच लाखांवर गेली. इमारत तीच, जाहिरात तीच, दर तोच. बाहेरून पाहणाऱ्या बापाला यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी बाजूही बघा. प्रामाणिक केंद्राच्या सहा खाटा महिनाभर रिकाम्या राहिल्या, तर ९०,००० जमा कमी होते आणि जेवणाचे फक्त १८,००० वाचतात. चाळीस हजारांचा नफा जाऊन बत्तीस हजारांचा तोटा होतो. म्हणून चांगल्या माणसावरही खाट भरलेली ठेवण्याचा दबाव येतो. रोजाप्रमाणे पैसे मिळतात, तेव्हा लवकर बरा झालेला रुग्ण वहीत घट म्हणूनच दिसतो. आमच्या मते या धंद्याचं मूळ दुखणं हेच आहे. मालक किती वाईट आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

कमिशनही याच गणितातून येतं. सहा महिने राहणारा एक रुग्ण नव्वद हजार देतो. त्याला आणून देणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्याला किंवा ओळखीच्या दवाखान्याला दहा हजार दिले तरी परवडतात. डॉक्टरांना असं कमिशन घेण्याची २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मनाई आहे. ‘अमुकच केंद्रात न्या’ असा आग्रह झाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मुक्काम लांबवण्याची एक युक्ती खास सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लघवीची पट्टी दाखवून ‘बघा, अजून गांजा पॉझिटिव्ह येतोय, आणखी दोन महिने ठेवा’ असं सांगतात. गांजाचा अंश चरबीत साठतो. रोज ओढणाऱ्याची पट्टी सोडल्यानंतर महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावरून त्याने नव्याने ओढल्याचं सिद्ध होत नाही आणि मुक्काम वाढवण्याची गरजही ठरत नाही. पट्टीची चाचणी ही नुसती चाळणी असते, पक्का निकाल प्रयोगशाळेतून घ्यावा लागतो.

केंद्र बघायला गेलात तर हॉल, बाग, योगासनांचे फोटो यांत वेळ घालवू नका. आज रात्री ड्युटीवर नर्स कोण आहे, तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. मागच्या महिन्यात ठरलेल्या मुदतीआधी किती जणांना घरी सोडलं ते विचारा. यावर उत्तर तयार नसेल तर तुम्हाला जे कळायला हवं ते कळलं.

प्रश्न : भिंतीवर पाच-सहा प्रमाणपत्रं लावलेली असतात. नेमकं कुठलं बघायचं?
(वाचक, हातकणंगले)

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार २०१७ च्या कायद्यात धरलेले आहेत, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला ही नोंदणी लागतेच. आयुर्वेद किंवा योग पद्धतीने चालवतो म्हटलं तरी सूट नाही. नोंदणीवरचा पत्ता तुम्ही उभे आहात त्याच इमारतीचा आहे का आणि मुदत संपली आहे का, हे वाचा. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, आयएसओ, आयकरातलं ऐंशी-जी, नीती आयोगाचा दर्पण क्रमांक, यांतलं एकही उपचार करण्याची परवानगी देत नाही. नोंदणीविना चालवल्यास पहिल्या वेळी पाच ते पन्नास हजार आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंड आहे. वर काढलेला महिन्याचा अडीच लाख नफा पाहिला, तर पहिला दंड कुणाला भीती घालेल असं वाटत नाही.

प्रश्न : माझा भाऊ तेवीस वर्षांचा. दारू पितो, घरात भांडतो. रात्री चार माणसं आली आणि हातपाय धरून गाडीत घालून घेऊन गेली. वडिलांनी सही केली होती. सहा आठवडे झाले. एकदाच फोन आला, त्यात ‘मला ने’ एवढंच बोलला. वडील म्हणतात, मध्ये पडू नको. मी काय करू शकते?
(एक बहीण, गडहिंग्लज)

ताई, तुम्ही बरंच काही करू शकता. भाऊ सज्ञान आहे. वडिलांच्या नुसत्या सहीवर त्याला ठेवता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम ८९ लागतं. त्यासाठी दोघांची स्वतंत्र तपासणी हवी आणि त्याने नुकतंच स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करण्याचा धोका निर्माण केला, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत तो नाही, असं नोंदलेलं हवं. घरात भांडतो एवढं पुरत नाही. समाजाच्या, घरच्यांच्या नीतिकल्पनांप्रमाणे वागत नाही यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. असं दाखल करून ठेवण्याची मुदत तीस दिवस. त्यापुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते. सहा आठवडे म्हणजे ती मुदत उलटून गेली.

आधी केंद्राला लेखी अर्ज द्या : कुठल्या कलमाखाली दाखल केलं, कुणी, कोणत्या तारखेला तपासलं, मंडळाला कधी कळवलं. पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्याला भेटण्याचा आणि फोनवर बोलण्याचा त्याचा हक्क कलम २६ मध्ये आहे, तो अर्जात लिहा. त्याच दिवशी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, दूरध्वनी १५१००. पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज त्यांच्यामार्फत करा, त्याला शुल्क नाही. मारहाण किंवा साखळीने बांधल्याचं कळलं तर वाट न बघता ११२ वर फोन करा. साखळीने बांधणं या कायद्याने पूर्ण बंद आहे, आणि बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. एवढं करूनही सोडलं नाही तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे, त्यामुळे त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

तो बाहेर आला की आधी सीपीआरमध्ये तपासणी करा. अंगावर खुणा असतील तर त्या पोलिस प्रकरण म्हणून नोंदवायला सांगा. खुणा चार-पाच दिवसांत पुसट होतात. वडिलांशी मात्र भांडण उकरू नका. घाबरलेल्या माणसाने सही केली आहे, आणि भावाच्या पुढच्या उपचाराला त्यांची साथ लागणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे तालमीत वस्तादाचा मार खाऊन पिढ्या घडल्या. केंद्रात जरा कडक शिस्त असली तर एवढं काय बिघडलं? परदेशात तर म्हणे यासाठी खास शाळा असतात.
(निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ)

गुरुजी, तालमीत पोरगं आपल्या पायाने जातं आणि रात्री घरी जेवायला येतं. अंगावर वळ उठला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळतं. आणि पोरगं जास्त दिवस राहिलं म्हणून वस्तादाला जास्त पैसे मिळत नाहीत. बंद दाराआड, घरापासून लांब, रोजाच्या दराने ठेवलेल्या मुलाला यांतलं एकही संरक्षण नसतं. संस्थेत काम करणाऱ्याने किंवा संस्था चालवणाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवलं, तर बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

परदेशातल्या शाळांचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. अमेरिकेत १९५८ साली कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्ती वसाहत निघाली. एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याच्यावर तासन्‌तास ओरडायचं, अपमान करायचा, हा तिथला ‘उपचार’. ती संस्था पुढे हिंसेच्या प्रकरणांत बदनाम झाली, पण तिची पद्धत उचलून बिघडलेल्या मुलांसाठी शाळा आणि केंद्रं निघत राहिली. युटा राज्यात तर त्याचा मोठा व्यवसायच उभा राहिला. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा कार्यक्रमांतल्या मृत्यूंची दहा प्रकरणं तपासली. त्यांत अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरं अन्न आणि मूल आजारी असताना ‘नाटक करतंय’ म्हणून केलेलं दुर्लक्ष पुन्हा पुन्हा दिसलं. जून २०२४ मध्ये सिनेटच्या अर्थ समितीने चार मोठ्या कंपन्यांची चौकशी करून अहवाल दिला. मोठ्या इमारती भरायच्या, रोजाचा सरकारी दर घ्यायचा आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च कापायचा, हीच त्यातली तक्रार. इचलकरंजीच्या वाचकांसाठी मांडलेला हिशेब आणि हा हिशेब एकच आहे, फक्त तिथे पैसा करदात्यांचा होता. पेनसिल्व्हेनियात तर दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून लाखो डॉलर घेतले. त्यातल्या एकाने किरकोळ चुकांसाठी मुलं तिथे धाडली. त्याला २०११ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांमधल्या मुलांच्या छळाविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, तोही लहानपणी तिथे राहिलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर.

या कडकपणाने मुलं सुधारतात का? २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी पुरावे पाहून सांगितलं की धाक दाखवणारे कार्यक्रम उपयोगी पडत नाहीत, उलट मुलांचं वागणं बिघडू शकतं. त्याआधी १९९९ मध्येच संशोधकांनी दाखवलं होतं की वाट चुकलेल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांकडून नव्या खोड्या शिकतात.

प्रश्न : मुलगा झोपेच्या गोळ्यांची नशा करायचा, सोबत दारू. केंद्रवाले म्हणतात, ‘आमच्याकडे औषधाविना उपचार, पहिल्या दिवसापासून सगळं बंद.’ हे बरं ना?
(एक वडील, कागल)

नाही दादा, हे जीवावर बेतू शकतं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येते. त्या आठवड्या-आठवड्याने थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला सोडल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात घाम, थरथर, भास, ताप अशी अवस्था होऊ शकते. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. म्हणून हे पहिले सात-आठ दिवस डॉक्टर आणि नर्स असलेल्या रुग्णालयातच काढायचे. थायमिनचं (ब-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, योग्य मात्रेत औषध, दर काही तासांनी नाडी आणि रक्तदाब, एवढं तिथे होतं. ‘औषधाविना’ या शब्दामागे बहुतेक वेळा नर्सचा आणि डॉक्टरांचा वाचलेला पगार असतो. हे दिवस निघाल्यावर पुढचं बरंचसं काम घरी राहून, ओपीडीत होऊ शकतं.

हेरॉइन किंवा ब्राउन शुगरसारख्या नशेची सवय असेल तर आणखी एक धोका ध्यानात ठेवा. महिना-दोन महिने बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबतो. कोंडून ठेवून, पुढचं औषध न ठरवता घरी सोडणं हे अशा रुग्णासाठी सर्वांत घातक.

सल्ल्यासाठी नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

प्रश्न : मुलाला वीस दिवसांत परत आणलं. तीन महिन्यांचे पैसे भरलेत. ‘फॉर्मवर लिहिलंय, परत मिळणार नाहीत’ म्हणतात.
(एक वाचक, जयसिंगपूर)

फॉर्मवर छापलं म्हणून एकतर्फी अट आपोआप वैध ठरत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अन्यायकारक करारांची स्वतंत्र तरतूद आहे. ‘आवारात काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’ असं वाक्यही त्यांना निष्काळजीपणातून सोडवत नाही.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस द्या. तीत उरलेल्या सत्तर दिवसांचा हिशेब मांडा, आणि उपचारांची कागदपत्रं मागा. रुग्णाच्या नोंदी मिळणं हा हक्कच आहे. तरीही नकार आला तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेसाठी तिथे शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. पैसे रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर ज्या दिवशी बँकेतून काढले त्याचं पासबुक, केंद्राशी झालेले व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि दराचं पत्रक जपून ठेवा. मोबाइल बदलण्याआधी निरोपांची प्रत काढा.